पेरू देशातला वांकाईना, म्हणजे उकडलेल्या बटाट्यांवर घालायचा मिरची-चीजचा सॉस, घरी केला की कडू, रवाळ आणि पातळ का होतो?

तुमच्या वर्णनाप्रमाणे तुम्ही आही आमारीयो ही सुकी मिरची भिजवली, भिजवलेल्या पाण्यासकट वाटली, मग फ्रिजमधलं पनीर, दूध, ऑलिव्ह तेल आणि वरून लिंबू घालून सगळं एकदम मिक्सरला लावलंत. तिन्ही दोष यातूनच आलेत.

आधी कडवटपणा. आही आमारीयो म्हणजे शब्दशः ‘पिवळी मिरची’, पण पिकली की ती नारिंगी होते. वाळवली की तिचं नाव मिरासोल, आणि चवही बदलते. वांकाईनाला ओली किंवा बाटलीतली तयार पेस्ट घ्यावी. सुकीच असेल तर देठ, बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. ते पाणी चाखून बघा, कडू लागलं तर फेकून द्या. ओली मिरची मिळाली तर ती गार पाण्यात टाकून उकळायची, पाच मिनिटांनी पाणी बदलायचं, असं दोन-तीनदा करून साल सोलायची. तिखटपणा मुख्यतः शिरांमध्ये असतो. तो काढल्यावर जी फळासारखी गोडसर चव उरते, तिच्यासाठीच पेरूत ही मिरची एवढी वापरतात. आपल्याकडे मिरची तिखटासाठी घालतात, तिथे ती जवळजवळ भाजी म्हणून घालतात. म्हणूनच हिरवी मिरची बदली चालत नाही, तिची कच्ची चव वर येते. अगदीच काही नसेल तर दोन पिवळ्या ढोबळ्या मिरच्या भाजून सोला आणि बिया-शिरा काढलेली एक पिकलेली लाल मिरची घाला. रंग जुळेल, चव थोडी जवळ जाईल, एवढंच.

कडवटपणाचं दुसरं कारण ऑलिव्ह तेल. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मिक्सरच्या पात्यात जोरात फिरलं की कडू होतं. सूर्यफुलाचं साधं तेल वापरा.

सहा बटाट्यांसाठी प्रमाण: मिरचीची पेस्ट पाच टेबलस्पून, अर्धा लाल कांदा, दोन लसूण पाकळ्या, ताजं पनीर 200 ग्रॅम, आटवलेलं दूध 150 मिली, खारट सोडा बिस्किटं (क्रॅकर) सहा, तेल 60 मिली. दूध बिनसाखरेचं हवं, कन्डेन्स्ड मिल्क नाही. अशा दुधाचा डबा मिळाला नाही तर म्हशीचं 400 मिली दूध 150 होईपर्यंत आटवा आणि पूर्ण गार करा.

कांदा-लसूण थोड्या तेलात मंद आचेवर मऊ करा, लसूण लाल होऊ देऊ नका. पेस्ट घालून तेल सुटेपर्यंत परता. या परतलेल्या मसाल्याला तिथे आदेरेसो म्हणतात, आणि पेरूच्या निम्म्या रश्श्यांची सुरुवात त्यानेच होते. आता हे गार होऊ द्या. गरमच घातलं तर दूध-पनीर फुटतं. गार झाल्यावर मसाला आणि दूध आधी वाटा, मग पनीर, मग तेलाची बारीक धार, आणि बिस्किटं सगळ्यात शेवटी, एकेक करून.

रवाळपणा फ्रिजमधल्या घट्ट पनीरमुळे. तिथलं केसो फ्रेस्को, म्हणजे ताजं चीज, मऊ आणि खारट असतं. पनीर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कुस्करा, आणि मीठ अर्धा चमचा जास्त धरा. लिंबू तर नकोच, त्याने दूध फाटतं आणि सॉस पाणी सोडतो. पूर्वी हे सगळं बातानवर, म्हणजे आपल्या पाट्यासारख्या सपाट दगडावर, जड दगड डोलवत वाटत.

पातळ वाटला म्हणून लगेच आणखी बिस्किटं घालू नका. ती फुगायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात सॉस चमच्याला धरतो. घाई केली तर तासाभराने त्याची लापशी होते.

या सॉसचं नाव अँडीजमधल्या वांकायो शहरावरून पडलं आहे. तिकडचा बटाटा पिवळा आणि पिठूळ असतो. आपल्याकडचा जुना, भुसभुशीत बटाटा घ्या, नवा चिकट लागतो. उकडून गार करा, जाड चकत्या लेट्यूसच्या पानावर मांडा, वर सॉस, उकडलेलं अंडं आणि काळं ऑलिव्ह.

सुकी मिरची उरली असेल तर पेरूतल्याच आरेकीपा शहराच्या ओकोपा या सॉसला वापरा: मिरासोल, भाजलेले शेंगदाणे, चीज, बिस्किटं आणि वाकाताय. वाकाताय ही झेंडूच्याच कुळातली वनस्पती, पण म्हणून अंगणातल्या झेंडूची पानं घालू नका. तिची पेस्ट बाटलीत मिळते.

वांकाईना फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. घट्ट झाला तर दुधानेच सैल करा, पाण्याने चव उतरते.