एक किलोचा छोटा लॅपटॉप एकमेव कॉम्प्युटर म्हणून पुरतो का?

तुमचा प्रश्न साधा आहे: रोजचा प्रवास, कामात लिखाण, ईमेल आणि थोडंफार एक्सेल, दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा नाही, तर एक किलोच्या आसपासचा छोटा लॅपटॉप पुरेल का. पण त्याखाली तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात ते खेळणं आहे, मोठाच घे." हा शब्द मी २००९ पासून ऐकतेय, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

पुरेल. घरी टेबलावर एक मोठा मॉनिटर ठेवणार असाल तर नक्की पुरेल. खेळणं तर तो मुळीच नाही.

माझं सांगते. मी भाषांतरं करते. तेव्हा नोकरी सांभाळून करायचे. रेल्वेने जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि घरी पोचल्यावर अंगात त्राण उरायचं नाही. फळझाडांच्या निगेवरचं ३४० पानांचं एक पुस्तक हाती घेतलं होतं. कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात दादाचा शब्द शेवटचा. "घ्यायचा तर एकदाच दणकट घ्यावा" म्हणून माझ्या या थोरल्या भावाने मला १५ इंची लॅपटॉप घ्यायला लावला. पावणेतीन किलोचा, चार्जरचं ओझं वेगळं. गाडीत उघडला की झाकण समोरच्या सीटच्या पाठीला टेकायचं, स्क्रीन धड सरळ व्हायची नाही आणि मान वाकडी करून वाचावं लागायचं. शेजारी कोणी येऊन बसलं की कोपरं कुठे ठेवायची हा प्रश्न. बॅटरी नवी असतानाच जेमतेम दोन तास चालायची. पहिल्या महिन्यात हौसेने नेला, दुसऱ्या महिन्यात एक दिवसाआड, आणि मग खांदा इतका भरून यायला लागला की तो घरीच राहू लागला. चार महिन्यांत ३१ पानं झाली, तीही बहुतेक रविवारी.

मग मी दादाला न विचारता १० इंची नेटबुक घेतलं, म्हणजे त्या काळचा अगदी छोटा, कमी ताकदीचा लॅपटॉप. २००७ साली आसुस कंपनीचं या प्रकारातलं ई पीसी आलं होतं: ७ इंची स्क्रीन, ४ जीबी साठवण, वजन एक किलोच्या आत. पुढच्याच वर्षी इंटेलने अशा छोट्या मशीनना चालणारा ॲटम प्रोसेसर काढला आणि बघता बघता जवळजवळ प्रत्येक कंपनीचं नेटबुक बाजारात आलं. माझं त्यातलंच एक, सव्वा किलोचं, १ जीबी रॅम. दादाने ते एका हाताने उचललं, उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "अगं, हे खेळणं आहे. महिन्याभरात परत माझ्याकडे येशील."

गाडीत बसले की मांडीवर पर्स, पर्सवर नेटबुक, जशी पाटी घेऊन बसावं तसं. कोपरं अंगाशी. झाकण पूर्ण उघडायचं. बॅटरी पाच तास टिकायची, म्हणजे चार्जर घरीच. कधी दोन स्टेशनांपुरती जागा मिळायची, तेवढ्यात एक परिच्छेद व्हायचा. एखाद्या दिवशी गाडी मध्येच अडकून पडली तर मला बरंच वाटायचं. उरलेली ३०९ पानं चौदा महिन्यांत झाली. महिन्याला आठ पानांवरून मी बावीस पानांवर आले, त्या मशीनच्या निम्म्याहून कमी ताकदीच्या मशीनवर. दादा आजही प्रोसेसरचे आकडे सांगतो, तेव्हा मी हे आकडे सांगते.

आता त्याची दुसरी बाजू, कारण तीही मी पुरेपूर भोगली आहे. लोक समजतात की छोट्या मशीनची अडचण म्हणजे मंदपणा. मंद होतंच ते. फाइल उघडायला टाकली की तेवढ्यात माझा तिकीट तपासनिसाला पास दाखवून व्हायचा. पण मंदपणाची सवय होते. सवय होत नाही ती कीबोर्डची आणि स्क्रीनच्या उंचीची.

माझ्या नेटबुकात उजवीकडचं शिफ्ट बटण नखाएवढं होतं, आणि तेसुद्धा वर जाणाऱ्या बाणाच्या पलीकडे. म्हणजे जिथे बोट सवयीने शिफ्ट शोधतं तिथे बाण. इंग्रजी टाइप करणाऱ्याला याचा त्रास अधूनमधून होतो. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड मांडणीवर, मराठी टाइप करते. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ हे सगळे स्वर डाव्या हाताच्या कळांवर शिफ्ट दाबून येतात, ण सुद्धा तसाच. म्हणजे उजवा शिफ्ट सतत लागतो. नुसता "आणि" लिहायचा तर दोनदा. बोट बाणावर पडलं की कर्सर एक ओळ वर सरकायचा आणि शिफ्टविना दाबलेल्या कळीतून आ ऐवजी नुसता काना उमटायचा, तोही वरच्या ओळीतल्या कुठल्यातरी शब्दाला. अ लिहायला जावं तर वरच्या ओळीतल्या अक्षराचा पाय मोडायचा. गाडी हलत असताना, नजर मूळ पुस्तकावर असताना, हे दर वेळी दिसतंच असं नाही.

आणि पुस्तक होतं फळझाडांचं. "खत" ला काना लागला की "खात". "फळ" ला लागला की "फाळ". दोन्ही धडधडीत मराठी शब्द, स्पेलचेकला त्यात काहीच चुकीचं दिसत नाही.

उंचीचं म्हणाल तर स्क्रीन १०२४ बाय ६०० पिक्सेलची. वर वर्डची पट्टी, खाली टास्कबार, आणि आपल्या लिपीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळ मुळातच उंच. मोजून अकरा ओळी दिसायच्या. काही खिडक्या स्क्रीनपेक्षा उंच निघायच्या, "ओके" बटण खाली कुठेतरी दडलेलं असायचं आणि टॅब मारत अंदाजाने एंटर दाबावं लागायचं.

पण अकरा ओळी दिसत असूनही लिहिणं अडलं नाही. मला याचं नवल वाटायचं. पुढे टीआरएस-८० मॉडेल १०० बद्दल वाचलं आणि उलगडा झाला. १९८३ सालचा तो कॉम्प्युटर, वहीसारखा हातात धरता येणारा, चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालणारा. स्क्रीनवर फक्त आठ ओळी, ओळीत ४० अक्षरं. कितीतरी पत्रकार जागेवर बसून त्यावर बातमी लिहायचे आणि आतल्याच मोडेमने फोनच्या तारेवरून कचेरीत पाठवायचे. लिहिताना माणूस बघतो तो चालू वाक्य आणि त्याच्या मागची दोन. त्याला आठ ओळी पुष्कळ झाल्या. तपासताना मात्र अख्खं पान समोर लागतं, आणि भाषांतर असेल तर मूळ पानही शेजारी. ते काम छोट्या स्क्रीनवर होत नाही. मी दोन महिने करून पाहिलं. मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवलं की ओळीत चार चार शब्द उरायचे, आणि दहाव्या पानाला डोकं भणभणायला लागायचं.

शेवटी गेलेच दादाकडे. महिन्याभरात नव्हे, सोळा महिन्यांनी. त्याच्या २२ इंची मॉनिटरला माझं नेटबुक केबलने जोडलं, पूर्ण आकाराचा कीबोर्ड लावला आणि आम्ही दोघं वाचायला बसलो. पहिला "फाळ" त्यानेच पकडला. "झाडाला फाळ कसा लागेल गं?" मग शोधत गेलो तर असे साठएक भटके काने सापडले. तो म्हणाला, "मोठ्या मशीनवर केलं असतंस तर ही वेळ आली नसती." मी म्हणाले, मोठ्या मशीनवर केलं असतं तर तपासायला पानंच नसती. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. सगळ्यांसमोर तो अजूनही "हिने खेळण्यावर पुस्तक लिहिलं" असं सांगतो. त्याला ते कौतुक वाटतं, मला लागतं. चुका एका बटणाच्या जागेमुळे झाल्या, मशीन छोटं होतं म्हणून नव्हे. छोट्या मशीनवर चांगला कीबोर्ड बसवता येतो हे १९९५ मध्येच आयबीएमने थिंकपॅड ७०१ काढून दाखवलं होतं. झाकण उघडलं की त्याच्या कीबोर्डचे दोन भाग सरकून एकमेकांत बसायचे आणि कीबोर्ड मशीनपेक्षा रुंद व्हायचा. बोटांना किती जागा लागते याचा कोणीतरी मनापासून विचार केला होता. माझं नेटबुक बनवणाऱ्यांनी तो केला नाही, एवढंच.

आता तुमच्या खरेदीबद्दल. नेटबुकं गेली आणि त्यांची खोडही बरीच गेली. २००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने मॅकबुक एअर हा लॅपटॉप लिफाफ्यातून काढून दाखवला, २०१५ मध्ये ९२० ग्रॅमचा, पंखाच नसलेला मॅकबुक आला, आणि आज एक किलोच्या आसपास १३-१४ इंचांची मशीनं मिळतात ज्यांचा कीबोर्ड पूर्ण आकाराचा असतो. पूर्ण आकाराचा म्हणजे एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर. पट्टी घेऊन मोजा, संकोच करू नका. त्याहून फार कमी असेल तर सोडून द्या.

स्क्रीनच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ पेक्षा १६:१० किंवा ३:२ घ्या. इंच तेवढेच असले तरी उंची जास्त मिळते, आणि मराठी लिहिणाऱ्याला उंचीच हवी असते. अशा बहुतेक मशीनमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबी आत्ताच घ्या. "पुढे वाढवू" हे मोठ्या लॅपटॉपच्या काळातलं बोलणं झालं. आणि चार्जर वजनात धरा. जाहिरातीत तो कधीच धरलेला नसतो.

पंखा नसलेलं मशीन लिखाणाला स्वर्ग आहे, रात्री खोलीत अजिबात आवाज नाही. पण उष्णता बाहेर जायला वाट नसल्यामुळे सलग जड काम दिलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. तासभराचा व्हिडिओ कॉल, बाजूला मोठी एक्सेल फाइल, वरून मांडीवर उशी, असं केलंत तर ते रखडेल. पंखा असलेल्यांतही तो एवढासा असतो, त्याच्याकडून फार अपेक्षा नको. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम हे तुमच्या यादीत नाही म्हणून मी इतक्या ठामपणे सांगतेय. असतं तर दादाचंच ऐका म्हणाले असते.

टॅबलेटला कीबोर्ड जोडून काम भागेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. टेबलावर भागेल, गाडीत नाही. मागच्या टेकूला सपाट जागा लागते आणि मांडी सपाट नसते.

एक राहिलं. मी हे सगळं पस्तिशीत केलं. आता जवळचं वाचायला चष्मा लागतो आणि छोट्या स्क्रीनवर तासाच्या वर बसले की मान धरते. स्क्रीन मांडीवर खाली असते, मान सतत वाकलेली, त्याला कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही. मानेचा त्रास आधीपासून असेल तर लिखाण प्रवासात करा, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या वर सलग नको. आणि प्रवास रोजचा नसून महिन्यातून एकदाचा असेल, तर माझा सगळा युक्तिवाद तुम्हाला लागू नाही.

घेण्याआधी दुकानात उभं राहून नव्हे, बसून, मशीन मांडीवर घेऊन मराठी कीबोर्ड चालू करा आणि "आणि" हा शब्द न बघता वीस वेळा टाइप करा. वरच्या ओळीत काही उमटलं तर ते मशीन परत ठेवा. मॉनिटरला मात्र हात आखडता घेऊ नका, जुना मिळाला तरी चालेल. माझ्या टेबलावर अजून तो २२ इंचीच आहे. दादाने नवा घेतला तेव्हा स्वतः आणून जोडून दिला.