देव-धर्म मानला नाही तर माणूस नीतीने का वागेल?

मी नास्तिक आहे, नाशिकला पंचवटीत राहतो. हा प्रश्न ऐकला की मला काळाराम मंदिराचा दरवाजा आठवतो. २ मार्च १९३० ला तिथे दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड पुढे होते. दरवाजे बंद करणारी माणसं काही अधार्मिक नव्हती. रोज पूजा करणारी, सोवळं-ओवळं पाळणारीच होती. माणसाला बाहेर उभं करणं त्यांना पाप वाटत नव्हतं, उलट तोच धर्म वाटत होता. सत्याग्रह पाचेक वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आता खरं सांगायचं तर बाहेर बसलेलेही बरेचसे श्रद्धाळूच होते, आणि बाबासाहेबही पुढे बौद्ध झाले, नास्तिकतेचा झेंडा घेऊन निघाले नाहीत. म्हणजे धर्म माणसाला बिघडवतोच, असं काही मी म्हणत नाही. पण आज त्याच धर्मातले लोक अस्पृश्यता चूक म्हणतात, ते कशाच्या आधारावर? पोथ्या तर बदललेल्या नाहीत. पोथीतलं काय ठेवायचं नि काय सोडायचं हे आपण ज्या बुद्धीने ठरवतो, नास्तिकही तीच वापरतो.