थकबाकीचा रकाना

प्रिय लेकी,

तुझी वही परवा पोचली. रात्री जेवून उघडली ती सगळ्या बेचाळीस फौजा वाचून झाल्यावरच मिटली. तू रचलेल्या जगातल्या भाड्याने मिळणाऱ्या फौजांची, तिथल्याच एका छापखान्याने काढलेली डिरेक्टरी! कल्पना मला फार आवडली. शौर्य, शिस्त, शस्त्रं, घोडदळ, निष्ठा, आणि प्रत्येकाला पाचपैकी तारे. शेवटच्या पानावर मात्र तुझा गोंधळ: ताऱ्यांची बेरीज करून पहिला-दुसरा क्रमांक लावायचा, की मैत्रीण म्हणते तसे तारे काढून नुसत्या गोष्टी लिहायच्या?

या वादात आत्ता पडूच नकोस. आधी एक रकाना वाढव. पगार थकला तेव्हा या फौजेने काय केलं?

पान सातवरच्या सांडणीस्वारांना तू निष्ठेचे चार तारे दिलेस. चार म्हणजे काय? पगाराशिवाय किती महिने थांबले? तिसऱ्या महिन्यात छावणीत काय बोलणं चाललं होतं? उंटांचा चारा कोणी उधार दिला? हे तुला ठाऊक नसेल तर तो चार तू हवेतून आणलास. रागावू नकोस, पण मला असे आकडे बघवत नाहीत. का ते पुढे सांगतो.

आपल्याकडचंच घे. 1761, पानिपत. गारद्यांचा, म्हणजे पगारी कवायती पायदळाचा, सरदार इब्राहिमखान गारदी आपल्या माणसांच्या दरमहाच्या पगारासाठी हटून बसायचा, आणि भाऊसाहेबांची त्यावर नाराजी असे. पैसा होताच कुठे? दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडायची वेळ आली होती. 14 जानेवारीच्या सकाळी त्याने भाऊंना त्या नाराजीची आठवण करून दिली, असं ती लढाई पाहिलेल्या काशीराजाने लिहून ठेवलंय. आणि मग तो लढला. पलटणी कापल्या जाईपर्यंत लढला. पकडला गेला, जिवंत सुटला नाही.

आता बारा वर्षं पुढे ये. 30 ऑगस्ट 1773. पुन्हा गारदीच. थकलेल्या पगाराचा गलका करत ते शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावांना त्यांनी ठार केलं. कारस्थान राघोबादादांच्या गोटातलं, हे आपण शाळेत शिकलो. पण आत शिरायला निमित्त कुठलं पुरलं? थकबाकीचं. ते खोटं वाटलं नसतं, कारण पगार थकत असत. तुझ्या वहीत हे दोन्ही 'गारदी' या एकाच नावाखाली, शस्त्रं पाच आणि शिस्त पाच असे बसले असते. वाचणाऱ्याला कसं कळणार, आपल्या दारात यातले कोणते येणार?

युरोपात तर याचे ढीग आहेत. अथेन्सच्या ड्यूकने कॅटलन फौज भाड्याने घेतली, काम करून घेतलं, आणि बाकी न चुकवताच बहुतेकांना जायला सांगितलं. 1311 मध्ये त्यांनी त्याला लढाईत मारलं आणि त्याचं राज्यच घेतलं. 1527 मध्ये पगार न मिळालेलं जर्मन पायदळ बंड करून उठलं. त्यांचा म्हातारा सेनापती फ्रुंड्सबर्ग समजूत घालता घालता पक्षाघाताने कोसळला. मे महिन्यात त्यांनी रोम लुटलं. आणि त्याच दिवशी पोपच्या 189 स्विस रक्षकांपैकी 147 जण जागीच लढून मेले. तेही पगारीच होते. म्हणून 'भाडोत्री म्हणजे बेइमान' हे प्रस्तावनेतलं वाक्य खोडून टाक. ते आळसाने लिहिलेलं आहे.

आता माझं. तिशीत मी एका प्रकाशनात कारखान्यांच्या डिरेक्टरीचं काम करायचो. फिरून यायचं, बघायचं, तारे लावायचे. एका कारखान्याला मी पाचपैकी पाच दिले. यंत्रं नवी, माल वेळेवर, हिशेब चोख. फाटकाशी ताडपत्रीखाली काही माणसं बसलेली मी पाहिली होती. विचारलं नाही. आत चहा घेतला आणि निघालो. पाच महिन्यांचे पगार थकले होते त्यांचे.

वर्षभराने एक वेल्डर आमच्या कचेरीत आला. आमचं पुस्तक वाचून त्याने हातची नोकरी सोडली होती आणि त्या कारखान्यात लागला होता. काही बोलला नाही. पुस्तक उघडून त्या पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.

दुरुस्ती झाली नाही. मी थकबाकीचा रकाना मागितला. त्या कारखान्याची पानभर जाहिरात होती, म्हणून मालकांनी नकार दिला. मी नोकरी सोडली. दोन लहान मुलं घरात असताना हा शहाणपणा कशाला, असं सगळे म्हणाले; काही अजून म्हणतात. दोन वर्षं ओढाताण झाली, तुझ्या काकूने शिकवण्या घेतल्या. तरीही सांगतो, नोकरी सोडली यात मी चुकलो नाही. चुकलो तो आधी, फाटकाशी.

म्हणून विचारतो, तुझ्या जगात ही डिरेक्टरी छापतो कोण? परीक्षकाला पगार कोण देतं? एखादी फौज त्याला घोडा भेट देत असेल तर तिचे तारे कसे वाचायचे? हे तुझ्या वहीत कुठेच नाही, आणि गोष्ट तर तिथेच आहे. मैत्रिणीला सांग, तारे काढल्याने गोष्ट मिळत नाही. तारे लावणारा माणूस दिसला की मिळते.

घोडदळाच्या रकान्याबद्दल थोडंसं. इटलीतल्या शहरांचे कारकून भाडोत्री स्वारांच्या घोड्यांचे रंग आणि खुणा वहीत टिपून ठेवत, म्हणजे मेलेल्या घोड्याच्या भरपाईत फसवणूक नको. अकबराच्या फौजेत घोड्याला डाग देऊन खूण केलेली आणि स्वाराच्या चेहऱ्याचं वर्णन लिहिलेलं असे. अशी एखादी नोंद तुझ्या तीन ताऱ्यांपेक्षा जास्त बोलेल.

बेरीज करायची असेल तर नंतर कर, माझी हरकत नाही. पण थकबाकीचा रकाना बेरजेत धरू नकोस. शौर्याचे पाच तारे तिथली लूट भरून काढत नाहीत.

पान सातपासून सुरू कर. सांडणीस्वारांना कोणत्या राजाने, किती महिने, का दिले नाहीत. आणि चौथ्या महिन्याच्या पहिल्या रात्री पहाऱ्यावर कोण होतं. बेचाळीस नकोत, तीन फौजा पुऱ्या कर आणि पाठव. वहीत समासाला पेन्सिलीने खुणा केल्यात, खोडता येतील. दिवाळीत येतेस का, असं काकू विचारते आहे.

तुझा,
काका