"मॅडम, घरात कळतंय काय हो?"

मुलं समुपदेशनाला पहिल्यांदा येतात तेव्हा त्रास काय होतो ते नंतर सांगतात, आधी हे विचारतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही भीती काही खुळी नाही. कॉलेजच्या ऑफिसात कुणाचे काका असतात, कँटीनला गावचाच माणूस.

एका इंजिनीअरिंग कॉलेजची समुपदेशन सेवा मी चालवते. पुढची मुलगी दोन-तीन जणींच्या अनुभवांतून जुळवलेली आहे, ओळख पटू नये म्हणून.

खानापूर तालुक्यातली, तिसऱ्या सेमिस्टरची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता वर्गात इंग्रजी, हॉस्टेलच्या खोलीत कन्नड. अभ्यास येत होता, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नाव पुकारलं की छातीत धडधड, हात गार, तोंडातून शब्द नाही. दोन विषय बॅक, म्हणजे नापास राहिलेले. रात्री जाग, सकाळचं लेक्चर बुडतं, मग हजेरी कमी पडायची धास्ती. "मामा हितंच ऑफिसात आहेत," ती म्हणाली, "आणि घरात माझं लग्नाचं बघायलेत. येडी म्हणून नाव पडलं तर?"

मी तिला आमची पद्धत सांगितली. फाईलवर नाव नसतं, नंबर असतो. कपाटाची किल्ली माझ्याकडे. कॉलेजला महिन्याला किती जण आले एवढाच आकडा जातो. पुढे डॉक्टरची गरज पडली, बेळगावच्या बिम्स या सरकारी दवाखान्यात किंवा धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जावं लागलं, तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 23 तिथली माहिती गोपनीय ठेवायचा हक्क देतं.

मग अपवाद सांगितला. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी गप्प बसणार नाही. मात्र शक्य असेल तिथे कुणाला आणि किती सांगणार ते आधी तुला सांगेन. वय अठराच्या आत असेल तर पालकांना सोबत घ्यावं लागतं, हेही पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना सुरुवातीलाच सांगते. असं बोललं की मुलं बिचकतात, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला उलटं दिसतं. मर्यादा माहीत झाली की मुलं मोकळी बोलतात.

पुढचं काम तसं साधं होतं. उठायची वेळ पक्की केली. व्हायवाची उत्तरं आधी एकटीनं मोठ्यानं म्हणायची, मग रूममेटसमोर, मग लॅबमध्ये. पहिलं वाक्य इंग्रजीत पाठ, पुढे अडलं तर थांबून सावकाश श्वास सोडायचा.

मधेच मामा आले. "भाची येती काय तुमच्याकडं?" मी म्हटलं, "कोण येतं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. तुम्हाला काळजी असेल तर बसा, तुमच्याशी बोलते." ते बसले नाहीत, चिडून गेले. त्याच दिवशी मी तिला हे सांगितलं. शनिवारी घरी जाऊन तिनंच आईला सांगितलं. काय बोलायचं ते आम्ही आधी जुळवून ठेवलं होतं. आईनं पहिल्यांदा दृष्ट काढली आणि मग विचारलं, "पुन्हा कवा जायचंय?" पुढच्या परीक्षेत एक बॅक सुटला. एक अजून आहे.

शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय. कागदावर नेमणूक दाखवणं सोपं आहे. इंटर्नलचे मार्क देणाऱ्या प्राध्यापकालाच समुपदेशक करायची सोय मात्र मला अजिबात मान्य नाही. ज्याच्या हातात आपले मार्क, त्याच्यापुढे कोण रडणार? खोलीसुद्धा प्रिन्सिपलच्या केबिनशेजारी नको. अपॉइंटमेंटला क्लास टीचरची सही नको.

एवढं असूनही कॉलेजच्या खोलीत यायला पाय उचलत नसेल, तर टेलीमानसला 14416 वर फोन करा. ऑक्टोबर 2022 पासून ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे. चोवीस तास, फुकट. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.