आजारी दादा, भीती मला

मी समुपदेशक. आयसीयूबाहेर बसणारी माणसं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, ॲसिडिटी वाढलीय अशा तक्रारी घेऊन. दोन-तीन भेटींनंतर आवाज खाली येतो, "मॅडम, मलाच काही झालं तर?" हे इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली त्यांच्या आधी मीच विचारते.

डिचोलीकडचे एक गृहस्थ (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत). थोरल्या भावाला हार्ट अटॅक आला, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) दाखल केलं. तिथंच एका रात्री यांची छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, घाम फुटला. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. तरी दुसऱ्या दिवशी खिशात ऑक्सिमीटर आला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा.

"दिवसातून किती वेळा लावता?"

"मोजत नाही. बाथरूममध्ये जाऊन लावतो. दादा आत झुंजतोय आणि मी स्वतःचं बोट बघत बसलोय. कुणी पाहिलं तर थुंकतील तोंडावर."

भीती वेगळी आणि भीतीची लाज वेगळी. बहुतेकांना दुसरीच जास्त पोखरते, म्हणून मी आधी तिला हात घालते. बायकोला सांगून बघा, एवढंच सुचवलं. पुढच्या वेळी ते चक्क हसत आले. "सांगितलं. ती म्हणाली, त्याच्या बॅटऱ्या कोण बदलतं असं वाटलं तुम्हाला?"

मग मी म्हटलं, "आता लावा इथंच. किती आला की समाधान होईल?"

"अठ्ठ्याण्णव."

"किती आला?"

"अठ्ठ्याण्णव."

"झालं समाधान?"

बराच वेळ ते त्या लाल आकड्याकडे बघत राहिले. मी मुद्दामच काही बोलले नाही. नवखे समुपदेशक इथंच घाई करतात. शेवटी तेच म्हणाले, "हा आत्ताचा झाला. मला उद्याचा हवाय."

याच वाक्याची मी वाट पाहत होते, आणि ते त्यांच्या तोंडून आलं याचं मला अजूनही बरं वाटतं. जगावंसं वाटणं योग्यच आहे. 'मी जगणार याची खात्री मिळालीच पाहिजे' हा हट्ट छळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धत मला जवळची वाटते ती यासाठीच. "तुम्हाला काही होणार नाही," असं मी कुणालाच सांगत नाही. ती खात्री माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडेही नाही. त्या खात्रीवाचून आज जेवता येतं, झोपता येतं, दादाशी बोलता येतं, हे मात्र करून बघता येतं. त्यांनी तेच केलं. आकडा बघायची ऊर्मी आली की ती ओसरेपर्यंत थांबायचं. आधी कठीण गेलं, मग जमलं.

सोबतीला बसणाऱ्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. सलग जागरण आणि चहावर काढलेला दिवस धडधड वाढवतोच, त्यासाठी हृदयरोग असावा लागत नाही. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि उतरतो. पण छातीतलं पहिलं दुखणं भीतीच्या खात्यावर टाकू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. ही शहाणी काळजी. रिपोर्ट चांगला आल्यावर तोच पुन्हा पुन्हा काढणं, हा तोच हट्ट. अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.