गावातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) आणि शिलालेख आम्ही मंडळींनी स्वच्छ करून नोंदवले तर चालेल का? परवानगी लागते का? (साक्री तालुका)

फोटो, मापं आणि जागेची नोंद बिनधास्त करा. स्वच्छता मात्र ती जागा संरक्षित नसेल तरच, तीही मालकाला किंवा देवस्थानाच्या पंचांना विचारून. संरक्षित स्मारकाला (तुमच्याच तालुक्यातली बळसाण्याची मंदिरं घ्या) पुरातत्त्व खात्याशिवाय हात लावायचा नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने तिथे नुकसान हा गुन्हा आहे, आणि १०० मीटरच्या आत नवं बांधकामही चालत नाही.

दगडाला साधं पाणी आणि मऊ कुंचला पुरे. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, शेंदूर खरवडणं नको. ऑइल पेंट तर नकोच. अक्षरं ‘उठून दिसावीत’ म्हणून रंगवणारे उत्साही लोक चोरांपेक्षा जास्त नुकसान करतात. त्याऐवजी रात्री बाजूने टॉर्च तिरपा धरून फोटो काढा, झिजलेली अक्षरंही सावलीमुळे दिसतात. वाचन स्वतः ठोकून देऊ नका. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, तिथे फोटो घेऊन जा. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखामुळेच गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं आपल्याला कळतं. म्हणजे एक दगड किती बोलतो बघा.

एक अट: खणायचं नाही. साफसफाईत नाणी वगैरे सापडली तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, वाटून घेता येत नाहीत.