राठ दाढी आहे म्हणून कडक रेझर घेऊ नको भाऊ (माझ्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, किस्सा)

भाऊ, तुझा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण काही वर्षांपूर्वी मी शब्दन् शब्द हेच लिहिलं असतं. पाच ब्लेडच्या कार्ट्रिजनं गळ्यावर पुळ्या येतात, एकेक कार्ट्रिज दीडशेच्या वर पडते, दाढी तारेसारखी राठ, बजेट दोन हजार, आणि म्हणून तो दोन धारांच्या ब्लेडचा, उघड्या दातांचा काळा रेझर, ज्याच्या खाली 'ॲग्रेसिव्ह, राठ दाढीसाठी उत्तम' असं लिहिलंय, तो घेऊ का. वय बावीस लिहिलंस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. नको घेऊ. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच घेऊन जा.

गरम पाणी, ब्रश, आधी केसांच्या दिशेनं मग आडवं, हे सगळं तुला माहीत असेलच, त्याचे व्हिडिओ पायलीचे पन्नास आहेत. मी फक्त माझा गाढवपणा सांगतो, कारण तो व्हिडिओत कोणी सांगत नाही.

२०१७ ची गोष्ट. आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. कुरिअरवाला तेव्हा गावात येत नव्हता, फोन करायचा आणि आपण तालुक्याला जाऊन पार्सल आणायचं. मी अठराशेचा रेझर मागवला होता, अगदी तुझ्यासारखाच, काळा, जड, फणीसारखे दात असलेला. माझा हिशोब सरळ होता: माझी दाढी राठ, म्हणजे रेझर कडक पाहिजे. आणि कहर म्हणजे तो मी जपून ठेवला, पहिल्यांदा वापरायचा तो स्वतःच्या साक्षगंधाच्या दिवशी. सोबत जपानी फेदर ब्लेडचं पाकीट, कारण कुठंतरी वाचलं होतं की सगळ्यात धारदार तेच. नवा रेझर, नवी धार, नवा हात, आणि बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागल्या होत्या.

गालावर ठीक गेलं. गळ्यावर पहिलाच हात ओढला आणि कार्ट्रिजच्या सवयीनं दाबला. दुखलं काहीच नाही, हे लक्षात ठेव, धारदार ब्लेडनं कापलेलं आधी दुखत नाही, फेस गुलाबी होतो तेव्हा कळतं. तुरटी फिरवली, वर्तमानपत्राचे तुकडे लावले, थांबेना, शेवटी मायनं चिमूटभर हळद दाबली गळ्यावर. तेवढ्यात मामा आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन बे, साक्षगंधातच हळद लावली काय?" मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि माझ्या सगळ्या फोटोत गळ्याभोवती दुपट्टा आहे. बायको अजून ते फोटो काढून दाखवते.

पण हे नुकसान काहीच नाही. खरं नुकसान पुढं झालं. मी धरून चाललो की चूक माझ्या हाताची आहे. दोन महिने रोज आरशासमोर अँगल बदलून पाहिला, जोर कमी करून पाहिला, ब्लेड बदलून पाहिलं. एका बाजूनं दाढी होतच नव्हती आणि दुसऱ्या बाजूनं फिरवला की सोलून निघायचो. मला वाटायचं उजवा-डावा हात सारखा चालत नसेल. एके दिवशी लाईट गेली होती, अंगणात उजेडाला रेझर डोळ्यासमोर आडवा धरला, तर एका बाजूनं ब्लेड केसाएवढं बाहेर आणि दुसऱ्या बाजूनं नखाएवढं! खालच्या पट्टीवरच्या ज्या खुंट्यांत ब्लेड अडकतं त्याच तिरप्या ओतलेल्या. कितीही घट्ट करा, ब्लेड मधोमध बसायचंच नाही.

हे यंत्र तसं एकदम साधं आहे. जिलेटनं १९०३ मध्ये विकायला काढलं तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले, १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि आजही मूळ कल्पना तीच: ०.१ मिलिमीटरचं पातळ पातं दोन पत्र्यांमध्ये दाबून वाकवायचं. सगळा खेळ ते पातं मधोमध बसण्याचा. तेच चुकलं तर वरचा काळा रंग आणि कोरीव मूठ घेऊन काय करायचंय.

मग परत करायला गेलो. इथून माझं डोकं तापतं म्हणून थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो (जमणार नाही). ज्यांच्याकडून घेतला त्यांचं नाव घेत नाही, ना त्या कुरिअरवाल्यांचं. आधी उत्तर आलं, वापरलेला रेझर स्वच्छतेच्या कारणानं परत होत नाही. अरे पण वापरल्याशिवाय वाकडा आहे हे कळणार कसं? मी ब्लेड लावून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर, फोटो स्पष्ट नाहीत. परत पाठवले. मग पिकअप मंजूर झालं एकदाचं, आणि कुरिअरच्या ऑफिसातून फोन की तुमच्या पिनकोडवर पिकअपची सेवा नाही. म्हटलं, माल द्यायला पिनकोड चालतो आणि न्यायला चालत नाही का? तर म्हणे सिस्टीममध्ये तसंच आहे साहेब. मी स्वतः आणून देतो म्हटलं. एसटीनं गेलो, अठरा किलोमीटर. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, पिकअपचा माल काउंटरवर घेता येत नाही. दुसऱ्या वेळी गेलो तर साहेब जेवायला, तिसऱ्या वेळी सर्व्हर डाऊन. चौथ्या वेळी त्यांनी घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा परत करायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. अठराशे तर गेलेच, वर चार खेपांचं तिकीट, आणि एक खेप तर भर डवरणीच्या (कोळपणीच्या) दिवसात, घरी बैल जुंपून ठेवले होते. तो रेझर अजून आहे माझ्याकडं, धार गेलेल्या जुन्या ब्लेडसोबत बाबा त्यानं पोत्याची शिवण उसवतात.

तर यातून दोन कामाच्या गोष्टी सांगतो. एक, रेझर आला की त्याच दिवशी, तोंडाला लावायच्या आधी, ब्लेड लावायचं आणि डोळ्यासमोर आडवा धरून दोन्ही बाजू पाहायच्या. थोडा फरक असेल तर मूठ अर्धा आटा ढिली करून, ब्लेडची आखूड टोकं दोन बोटांत धरून सरळ करायची आणि परत आवळायची, बहुतेक वेळा तेवढ्यानं बसतं. तीन-चारदा करूनही तिरपंच राहिलं तर फोटो काढ, आणि परत कर, पहिल्याच दिवशी. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पण काढून ठेव.

दुसरी गोष्ट ही की राठ दाढीचा आणि कडक रेझरचा हिशोबच मुळात उलटा आहे. राठ केस मऊ होतो पाण्यानं आणि कापला जातो ब्लेडच्या धारेनं. रेझर मवाळ की जहाल हे ठरतं ते पातं किती बाहेर येतं आणि पट्टीपासून किती अंतरावर आहे त्यावरून, म्हणजे ते तुझ्या कातडीला किती भिडणार त्यावरून. गॅपचा (म्हणजे या अंतराचा) नुसता आकडा वाचून पण ठरवू नको, एकाच गॅपचे दोन रेझर तोंडावर अगदी वेगळे लागतात. मवाळ रेझरनं राठ दाढी दोन-तीन हात जास्त फिरवून गुळगुळीत होते, जहाल रेझरनं नवशिक्याचा गळा एकाच हातात सोलून निघतो. आमच्या बाबांनी हेच एका वाक्यात सांगितलं होतं. माझं ते सोललेलं तोंड पाहून म्हणाले, "लेका, डवऱ्यावर भार देऊन कोनी डवरते काय? पऱ्हाटीच उपटन." कास्तकाराच्या पोरानं हे विसरावं! डवऱ्यावर, म्हणजे कोळप्यावर, भार दिला तर तणासोबत पऱ्हाटी (कपाशी) पण उपटते; डवरा आपल्या वजनानं चालतो, रेझर पण. मूठ शेवटाकडं दोन-तीन बोटांत धर, तीस अंशाच्या आसपास टेकव, आणि ओढ. दाबायचं नाही.

आता घ्यायचा कोणता. माझं मत आहे, पटलं तर घे: बंद पट्टीचा (दात नसलेला), मवाळ, तीन तुकड्यांचा (वरची टोपी, खालची पट्टी आणि मूठ सुटी होणारा). मर्कर ३४सी (हा मात्र दोन तुकड्यांचा), म्यूल आर८९, एडविन जॅगर डीई८९ ही नावं सगळे घेतात आणि चुकीची नाहीत, पण तुझ्या दोन हजारात बसतील असं वाटत नाही, आत्ताचा भाव पाहून घे. म्यूलचाच आर४१ आहे, नावात फक्त दोन आकड्यांचा फरक पण तो फार जहाल, घाईत चुकून तो मागवू नको. पार्करचे रेझर भारतातच बनतात. खरं सांगू का, पहिला रेझर पाच-सातशेचा साधा घेतलास तरी चालेल, फक्त सरळ असला पाहिजे, उरलेले पैसे ब्लेड आणि ब्रशला लाव. फिरवून दारासारखा उघडणारा रेझर दिसायला भारी असतो पण मी आपल्याकडं तो सांगत नाही, आणि त्याचं कारण पाणी.

तू मूर्तिजापूरकडचा म्हणतोस म्हणजे तू पण खारपाणपट्ट्यातलाच. हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओवाल्यांना कळत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी तोंडात घेतलं तर थुंकावं लागतं, साबण घासघासून फेस येत नाही, नुसते दह्यासारखे गोळे होतात. लोक त्यांना ब्रश फिरवायची टेक्निक शिकवतात! टेक्निक नाही रे, पाणी बदल. मी आरओच्या जारमधलं एक गडू पाणी गरम करून घेतो, दाढीला तेवढं पुरतं. साबणापेक्षा ट्यूबमधली क्रीम खाऱ्या पाण्यात बरी फेसाळते, असा माझा तरी अनुभव.

आणि हेच पाणी रेझर खातं. स्वस्त काय आणि ती नावाजलेली जर्मन मंडळी काय, बऱ्याच रेझरचं डोकं झामक नावाच्या मिश्रधातूचं असतं, म्हणजे मुख्यतः जस्त, वर क्रोमचा मुलामा. मुलामा कुठं उडाला आणि खारं पाणी आत शिरलं की पांढरी भुकटी धरते, आणि एक दिवस आट्याचा खुंट मुठीतच तुटतो. माझा दुसरा रेझर असाच गेला, दीड वर्षात. म्हणून पितळ किंवा स्टेनलेस स्टील बजेटमध्ये बसलं तर उत्तम, नाहीतर दाढी झाली की तिन्ही तुकडे सुटे करून चांगल्या पाण्यानं धू आणि फडक्यावर वाळव. दारासारख्या उघडणाऱ्यात आतल्या सांध्यात क्षार बसतात आणि ते सुटं करून धुता येत नाही, म्हणून तो नको म्हटलं. (ब्लेडची धार मात्र फडक्यानं पुसू नको, ब्लेड पण खराब आणि बोट पण.)

कोणीतरी सांगेलच की घरात बाबांचा जुना रेझर असेल तो काढ, जुनं ते सोनं. मी काढला होता. कोनाड्यात आरशामागं सापडला, पितळी, वजनदार, मन भरून आलं वगैरे. पट्टी एका कोपऱ्यात आत वाकलेली, कधीतरी मोरीतल्या फरशीवर पडला असणार. आडवा धरून पाहिला तर तोही तिरपा. सरळ असेल तर खुशाल वापर, पण माया वेगळी आणि गळा वेगळा.

ब्लेडचं सोपं आहे. दोन धारांचं ब्लेड सगळ्या रेझरमध्ये एकाच मापाचं, त्यामुळं किराणा दुकानातलं टोपाझ जर्मन रेझरमध्ये पण बसतं. टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, एकेक पाकीट आण आणि रेझर तोच ठेवून फक्त ब्लेड बदलून पाहा, दोन्ही एकदम बदलशील तर काय लागलं ते कळणार नाही. माझं एक ब्लेड चार-पाच दाढ्या जातं, तुझं दोन गेलं तरी दोन-चार रुपयांचा मामला आहे. फेदर सहा महिने तरी नको.

वापरलेलं ब्लेड उकिरड्यावर टाकू नको, हे हात जोडून सांगतो. तिथं ढोरं तोंड घालतात, आणि नाही घातलं तरी ते शेणखतासोबत वावरात जातं आणि निंदताना बायांच्या हातात घुसतं. पावडरच्या रिकाम्या डब्याला वर चीर पाड, त्यात टाकत जा, माझा एक डबा इतक्या वर्षांत अजून भरला नाही.

पुळ्यांबद्दल, मी डॉक्टर नाही. माझ्या पुळ्या उलट्या दिशेनं दाढी करणं बंद केल्यावर गेल्या, कारण केस आतल्या आत वळून वाढत होते. तुझं कारण वेगळं असू शकतं. पू असेल, डाग पडत असतील तर कातडीच्या डॉक्टरला दाखव, आणि मेडिकलवाला देतो ती 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नको, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं आणि ते चेहऱ्याची वाट लावतं. पुळ्या बसेपर्यंत नवा रेझर गळ्यावर फिरवूच नको, गालावर हात बसव आधी.

घेतलास की ब्लेड लावून, डोळ्यासमोर आडवा धरून, दोन्ही बाजू एकाच फोटोत दिसतील असा फोटो इथं टाक, लगेच सांगतो सरळ आहे की नाही. वेचणी चालू आहे, दिवसा वावरात रेंज नसते, रात्री आठनंतर बघीन.